अकादमीने परत पाठवलेल्या पोरांचं काय करायचं?

प्रश्न: मी परभणीत एक छोटा फुटबॉल क्लब चालवतो. तीसेक पोरं आहेत. यंदा त्यातली तीन मोठ्या अकादम्यांकडून नाकारली जाऊन परत आली. एक १४ वर्षांचा विंगर (मैदानाच्या कडेने हल्ला चढवणारा), पुण्याच्या एका निवासी अकादमीने ‘अंगाने लहान आहे’ म्हणून ट्रायलमध्ये दोनदा काढला. दुसरा १६ चा डिफेंडर. मुंबईकडे दोन वर्षं राहिला, मग ‘वेग कमी पडतो’ म्हणून घरी पाठवला. तिसरा १७ चा गोलकीपर, त्याला तर कारणसुद्धा सांगितलं नाही. तो रोज मैदानावर येतो, पण ग्लोव्हज घालत नाही, कडेला बसून राहतो. विंगरचे वडील म्हणतात, आता बस झालं, लातूरला क्लासला टाकतो. मला वाटतं, या तिघांभोवती टीम बांधावी आणि त्याच अकादमीला मॅच लावून हरवून दाखवावं. त्यात एक ओळखीचा माणूस साडेतीन लाखांत स्पेनला ट्रायल करून देतो म्हणतोय. मी काय करावं? नाव छापू नका.

उत्तर:

नमस्कार सर,

ती मॅच आधी डोक्यातून काढून टाका. राग मला कळतो. पोरगं महिनोन्‌महिने पहाटे उठून तयारी करतं, रात्रभर गाडीत बसून पुणं गाठतं, वीस मिनिटं खेळतं आणि यादीत आपलं नाव नाही एवढंच घेऊन परत येतं. ते बघून मास्तरच्याही पोटात तुटतं. पण त्या रागावर टीम बांधली की पोरं फुटबॉल खेळायचं सोडतात आणि ज्याने नापास केलं त्या एका माणसाला उत्तर द्यायला लागतात. पास द्यायचा तिथे ड्रिबल मारतील, जागा धरायची तिथे अंगावर जातील. हरलात तर पोरं पुन्हा नापास. आणि जिंकलात तर सोमवारी सकाळी त्यांना कशासाठी उठवणार?

दुसऱ्यांनी सोडलेल्या पोरांतून ज्या क्लबांनी खेळाडू घडवले, त्यांनी त्यांना वेळ दिला आणि मॅच दिल्या. इंग्लंडच्या एबेरेची एझेचं बघा. आर्सेनलने त्याला १३ व्या वर्षी सोडलं. मग फुलम, रीडिंग, मिलवॉल, सगळीकडून बाहेर. २०१६ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने घेतला तेव्हा तो १८ चा होता. त्यांनीही घाई केली नाही. चौथ्या श्रेणीतल्या विकम वाँडरर्सकडे त्याला काही महिने लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, पाठवला. तिथे मोठ्या माणसांचे धक्के खात खेळून आल्यावरच त्याच्या पायाशी खेळ सोपवला. २०२० मध्ये क्रिस्टल पॅलेसने त्याला घेतलं. मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या फायनलला मँचेस्टर सिटीविरुद्धचा एकमेव गोल त्याने केला आणि त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने त्याला परत विकत घेतलं. तेव्हा तो २७ चा होता. मधल्या वर्षांत त्याला खेळायला मैदान मिळत राहिलं, हे त्यातलं महत्त्वाचं.

आता तुमच्या विंगरबद्दल सविस्तर बोलतो, कारण त्याच्या बाबतीत करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण १३-१४ च्या आसपास येतो. पण हा सरासरीचा हिशेब झाला. कोणी बाराव्या वर्षीच ताडमाड होतो, कोणाची वाढ सोळाव्या वर्षी जोर धरते. आपल्याकडे मृगावर मूग आणि तूर एकाच रानात, एकाच दिवशी पेरतात. मूग पोळ्याच्या सुमारास घरात येतो, तूर संक्रांतीच्या आसपास. म्हणून भाद्रपदात तूर उपटून टाकणारा शेतकरी मी तरी बघितला नाही. १४ वर्षांखालच्या ट्रायलमध्ये मात्र नेमकं हेच होतं. त्यात जन्मतारखेची भर. वयोगट १ जानेवारीला कापला जातो, त्यामुळे जानेवारीतला आणि डिसेंबरमधला पोरगा एकाच गटात उभे राहतात आणि त्यांच्यात जवळपास वर्षभराचं अंतर असतं. जगभरच्या अकादम्यांमध्ये वयोगटाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांची गर्दी असते, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. तुमच्या पोराचा महिना कोणता, ते बघा. सप्टेंबरनंतरचा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

क्लबच्या खोलीतली एक भिंत त्याच्यासाठी ठेवा, खरं तर सगळ्यांसाठीच. दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजायची आणि तारखेसह वहीत लिहायची. ही वही म्हणजे तुमच्या क्लबची खरी संपत्ती. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढ दिसली की समजा, झपाट्याची वाढ सुरू झाली. त्या काळात पोरगं अचानक अवघडल्यासारखं धावायला लागतं, कालपर्यंत जमणारा टच चुकतो, गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतं. हा आळस नव्हे. उड्या आणि स्प्रिंट कमी करा, बॉलवरचं काम वाढवा आणि दुखणं रेंगाळलं तर डॉक्टरकडे न्या. याच काळात कित्येक प्रशिक्षक पोराला ‘बिघडला’ म्हणून टीमबाहेर काढतात, तेव्हा तुम्ही सांभाळून घ्या. उंची वाढवायची म्हणून बाजारात मिळणाऱ्या पावडरींवर वडिलांना एक रुपया खर्च करू देऊ नका. भाकरी, वरण, शेंगदाणे, जमत असेल तर अंडी आणि पोटभर झोप, एवढं पुरे.

इंग्लंडमध्ये काही अकादम्या आता वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून मॅच खेळवतात. पोराची उंची, वजन, वय आणि आईवडिलांची उंची घेऊन, पूर्ण वाढ झाल्यावर तो किती उंच होईल याचा अंदाज बांधतात आणि आज तो त्याच्या किती टक्क्यांवर आहे ते पाहतात. ते सूत्र तुम्ही वापरू नका, त्याचे आकडे अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांवरून काढलेले आहेत. कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे, आणि तीस पोरांच्या क्लबात ती मोठ्या अकादमीपेक्षा सोपी. आठवड्यातून एक दिवस या विंगरला त्याच्याच अंगाच्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांत खेळवा. तिथे तो सगळ्यात जाणता असेल, त्याला बोलावं लागेल, टीम चालवावी लागेल. दुसऱ्या एका दिवशी सोळा-सतराच्या पोरांत टाका. तिथे अंगाच्या जोरावर काहीच जमणार नाही, मग बॉल येण्याआधीच पुढची चाल ठरवायची सवय लागेल. लहान चणीच्या खेळाडूंचं डोकं असंच तयार होतं. आंत्वान ग्रीझमनला फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबांनी उंचीवरून नाकारलं. २००५ मध्ये पॅरिसच्या एका स्पर्धेत स्पेनच्या रेआल सोसिएदादच्या माणसाने त्याला हेरलं. २०१८ मध्ये तो फ्रान्सकडून विश्वचषक जिंकला.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दाखल्यावर वय वर्षभराने कमी करून घेऊ, मग उंची चालून जाईल, असं सुचवणारा कोणी ना कोणी भेटेलच. त्याला दारातूनच परत पाठवा. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढण्याची चाचणी वयोगटाच्या फुटबॉलमध्ये वापरली जाते. त्याहून वाईट म्हणजे, खोट्या वयावर खेळणारा प्रत्येक पोरगा तुमच्या विंगरसारख्याच एखाद्या उशिरा वाढणाऱ्या लेकराची जागा खातो.

डिफेंडरला ‘वेग कमी’ म्हणाले. पण कुठला वेग? तीस मीटर पळण्याचा की ठरवण्याचा? हे तुम्ही स्वतः तपासू शकता. मॅच चालू असताना मोबाईल घेऊन त्याच्या मागे, गोलपोस्टच्या बाजूला उभे राहा आणि फक्त त्याची मान बघा. बॉल त्याच्याकडे निघाल्यापासून पायाशी येईपर्यंत तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो? एकदाही बघत नसेल तर बॉल आल्यावर त्याला आधी थांबावं लागतं, वळावं लागतं, मग शोधावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला हाच पोरगा ‘स्लो’ वाटतो. ही सवय सोळाव्या वर्षीही लावता येते. रोजच्या रोंडोमध्ये (गोल करून पास द्यायचे आणि मधल्याने बॉल अडवायचा, त्या सरावात) तुम्ही त्याच्या पाठीमागे उभे राहून बोटं दाखवा आणि बॉल पायाशी येण्याआधी त्याने आकडा ओरडून सांगायचा, एवढाच नियम करा. महिन्याभरात फरक दिसायला लागेल. खरंच पाय मंद असतील तर जागा बदलून बघा. चेल्सीने डेक्लन राइसला १४ व्या वर्षी सोडलं, वेस्ट हॅमने घेतलं. तिथे तो सेंटर बॅक (मधला बचावपटू) म्हणून वर आला आणि नाव काढलं ते मिडफिल्डमध्ये. २०२३ मध्ये आर्सेनलने त्याच्यासाठी १० कोटी पौंडांहून जास्त किंमत मोजायची तयारी दाखवली.

या डिफेंडरला आता तुमच्या वयोगटाच्या सरावात अडकवून ठेवू नका. त्याला पुरुषांच्या मॅच हव्यात. अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने १५ व्या वर्षी, लहान आहे म्हणून सोडलं. तो क्वीन्स पार्कला गेला. स्कॉटलंडचा हा जुना क्लब तेव्हा हौशी होता, खेळाडूंना पगार नसे. चौथ्या श्रेणीत मोठ्या माणसांबरोबर एक मोसम खेळला, २०१३ मध्ये डंडी युनायटेड, मग हल सिटी, २०१७ मध्ये लिव्हरपूल. हॅरी केनलाही आर्सेनलने लहानपणीच सोडलं होतं. टॉटनहॅमने त्याला वाढवलं, आणि वर आणण्याआधी लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर असं चार ठिकाणी लोनवर पाठवलं. तुमच्याकडे लोनची सोय नसेल, पण नांदेड किंवा संभाजीनगरच्या एखाद्या सीनियर टीमच्या कोचला फोन करून ‘रविवारी माझा पोरगा तुमच्याकडून खेळवा’ म्हणता येतं. सीनियर टीममध्ये कोणी त्याचं कौतुक करणार नाही, आणि ते त्याच्यासाठी चांगलं आहे.

मॅचची अडचण मला ठाऊक आहे. आपल्याकडे लीग धड चालत नाही, स्पर्धा ठरते आणि पुढे ढकलली जाते. पण इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबाचं बघा. त्यांनी २०१६ मध्ये आपली अकादमीच बंद केली, कारण त्यांनी वाढवलेली पोरं मोठे क्लब थोडक्या मोबदल्यात उचलून नेत होते. त्याऐवजी त्यांनी बी टीम काढली आणि इतर अकादम्यांनी सोडलेली सतरा ते वीस वर्षांची पोरं त्यात घेतली. ही टीम कुठल्याही नियमित लीगमध्ये नव्हती. त्यांनी स्वतःच मॅच ठरवल्या, देशातल्या आणि परदेशातल्या, वेगवेगळ्या धाटणीच्या टीमशी. २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, पोचलं आणि पुढे अकादमीही पुन्हा सुरू झाली. त्यातून उचलायचं ते हे, की लीग नाही म्हणून थांबायचं नाही. संभाजीनगर, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड एकाच रेल्वेमार्गावर आहेत. पॅसेंजरचं तिकीट पोरांना परवडतं. चार क्लबांच्या कोचनी मिळून दसऱ्यापासून होळीपर्यंतचे रविवार वाटून घ्या. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडल्यावर आणि पारा ४२ च्या पुढे गेल्यावर पोरांना खेळवण्यात अर्थ नाही. पावसात तेच मैदान घोट्यापर्यंत चिखल होतं. जे महिने चांगले आहेत ते तरी रिकामे जाऊ देऊ नका. आणि शाळांमार्फत सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेरीत नावं वेळेवर गेली की नाही, हे जूनमध्येच जाऊन बघा. दरवर्षी कोणाची ना कोणाची नोंदणी राहून जाते.

गोलकीपरची मला जास्त काळजी वाटते. वाईट कारण पचवता येतं, पण कारणच सांगितलं नाही तर पोरगं स्वतःच कारण शोधत बसतं आणि बहुतेक वेळा सगळ्यात क्रूर तेच निवडतं. त्या अकादमीच्या कोचला तुम्ही स्वतः फोन करा. भांडायला नको, ‘तुमच्याकडे राहिलेला मुलगा आता माझ्याकडे आहे, त्याचं काय चांगलं, काय कमी, ते सांगा, म्हणजे मला पुढे काम करता येईल’ एवढंच विचारा. बहुतेक कोच बोलतात. जे कळेल ते पोराला न लपवता सांगा. क्रिस्टल पॅलेसने २०२२ मध्ये, सोडलेल्या तरुण खेळाडूंची तीन वर्षं विचारपूस करायची, शिक्षण-नोकरीसाठी मदत करायची अशी व्यवस्था सुरू केली. मोठ्या क्लबांनाही ही गरज इतक्या उशिरा कळली. आपल्याकडे ते काम तुम्हालाच करावं लागणार.

ग्लोव्हज घाल म्हणून मागे लागू नका. बारा वर्षांच्या दोन कीपरना बॉल कसा धरायचा ते दाखव, एवढं काम त्याला द्या. खाली बसून, गुडघा टेकवून लहान पोराच्या हाताची बोटं नीट लावून देताना त्याला स्वतःचे हात आठवतील. कीपर उशिरा पिकतात, पस्तिशीतही खेळतात, १७ म्हणजे काहीच नाही, हेही त्याला सांगा. पण तो जेवेनासा झाला, झोप उडाली, ‘आता काय उरलंय’ असं बोलायला लागला, तर थेट विचारा, ‘जीव नकोसा झालाय का?’ विचारल्याने कोणी तसं करत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. घरच्यांना विश्वासात घ्या. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागही असतो.

आता एक अवघड गोष्ट. या तिघांपैकी एकही पोरगा व्यावसायिक फुटबॉल खेळणार नाही, ही शक्यताच जास्त आहे. वर मी जी नावं घेतली ती हजारांतून वर आलेली आहेत. इंग्लंडच्या जेमी वार्डीची गोष्ट तर सगळे सांगतात. शेफील्ड वेन्सडेने १६ व्या वर्षी सोडलं, आठवड्याला ३० पौंडांवर स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या क्लबात खेळला, कारखान्यात कामही केलं, २०१२ मध्ये लेस्टरला गेला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकला. ही गोष्ट पोरांना ‘तूही असाच होशील’ म्हणून सांगू नका. त्यातून स्टॉक्सब्रिजने काय केलं तेवढं घ्या. त्यांनी कसलंही वचन न देता त्याला दर आठवड्याला मैदानात उतरवलं. पोराला आणि आईवडिलांना समोरासमोर बसवून सांगा: मी मॅच देईन, शिकवीन, दर सहा महिन्यांनी तू कुठे आहेस ते खरं सांगीन, पुढचं मला माहीत नाही. घरचे लोक अशा माणसावर विश्वास ठेवतात.

म्हणून विंगरच्या वडिलांना विरोधक समजू नका. त्यांना रिकाम्या हाताने परत आलेलं पोरगं दिसतंय आणि शेजारच्याचा मुलगा लातूरला जाऊन मेडिकलला लागलेला दिसतोय. त्यांची भीती खरी आहे. ग्रीझमनसुद्धा त्या वयात फ्रान्समधल्या बायोनला राहून शाळा करायचा आणि संध्याकाळी सीमा ओलांडून सरावाला जायचा. शाळा सुटली नव्हती. वडिलांसमोर वेळापत्रक ठेवा: सकाळी पावणेसहा ते सव्वासात सराव, रविवारी मॅच, सहामाही आणि वार्षिक परीक्षेआधी तीन आठवडे सुट्टी. मार्क घसरले तर सराव मी स्वतः कमी करीन, असा शब्द द्या आणि पाळा. दहावीच्या क्रीडा गुणांची सवलत, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, हेही समजावून सांगा. पण त्यासाठी ठरावीक पातळीवर खेळलेलं आणि पडताळलेलं प्रमाणपत्र लागतं, हेही त्याच दमात सांगा. उद्या त्यांनी लातूरला पाठवलंच तर तिथला एखादा क्लब शोधून द्या, पोरगं आठवड्यातून दोन दिवस तरी बॉलला पाय लावेल.

राहिला स्पेनवाला माणूस. फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदवता येत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, असे मोजकेच अपवाद आहेत आणि परभणीतून ट्रायलला जाणारा पोरगा त्यात बसत नाही. म्हणजे साडेतीन लाख भरून, विमानाने जाऊन, ट्रायल उत्तम देऊनही तो क्लब या पोराला घेऊच शकत नाही. हाती येतील ते फोटो आणि एक रंगीत सर्टिफिकेट. तुमच्या ओळखीचा माणूस आहे म्हणून तुम्ही गप्प राहिलात, तर कोणी ना कोणी बाप जमीन गहाण टाकून ते पैसे भरेल. येत्या रविवारी पालकांना मैदानावर बोलवा, त्यांना हा नियम सांगा आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर नाही म्हणा. त्याच बैठकीत पोरांचे जन्मदाखले आणि आधार घ्या आणि भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत त्यांची तुमच्या क्लबच्या नावाने नोंद करून टाका. पुढे यातला कोणी मोठ्या रकमेला परदेशी क्लबकडे गेला, तर १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना त्या रकमेतले ५ टक्के वाटून मिळतात. नोंद नसेल तर तुमच्या क्लबचं नाव त्यात येणार नाही.